नकाशाआडचं मत

गुरुजी,

सोमवारी तिसऱ्या तासाला माझा मोबाईल स्टाफरूममध्ये पर्समध्ये वाजत राहिला. शेवटी शेजारच्या वर्गातल्या मॅडम तो हातात घेऊन दारात आल्या. अकलूजहून, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचा फोन होता. "सुरेखाताई, कदम गुरुजी गेले. सकाळी साडेआठला." मी त्यांना काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "नाही हो बाई, शनिवारी मला त्यांच्याकडे यायचंय." मी फोन ठेवला, वर्गात गेले, फळ्यावर अर्धं राहिलेलं वाक्य पूर्ण केलं. एका मुलीला उभं करून प्रश्नही विचारला. तिनं उत्तर दिलं, ते बरोबर होतं की चूक हे मला आता आठवत नाही. मग तीच म्हणाली, "मॅडम, तुम्ही खडू तोडताय." खाली पाहिलं तर टेबलावर चार तुकडे पडले होते.

आणि खरं सांगायचं तर शनिवारी येते असं मी तुम्हाला कुठं म्हटलं होतं? 'बघते' म्हटलं होतं.

आज रविवार. तुम्ही गेल्याला सहा दिवस झाले. तुमच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. नोकरी किती वर्षं, गाव कोणतं, हाताखालून किती पोरं गेली, ते सगळं ते लिहितील. माझ्या डोक्यात मात्र तुम्ही जायच्या आधीच्या गुरुवारचा तुमचा तो फोन अडकून बसला आहे. पण तो सांगायचा तर आधी आपली सातवी सांगायला हवी, कारण हे वाचणारे सगळे काही आपल्या शाळेतले नाहीत.

आपल्या शाळेत दोन गोष्टी इतर शाळांपेक्षा वेगळ्या होत्या आणि दोन्ही तुमच्या. पहिली म्हणजे शाईचा पॅड. मी पाचवीत आले त्या वर्षी तुम्ही तो पॅड उचलून लोखंडी पेटीत टाकलात आणि पेटीला कुलूप लावलंत. "या शाळेत इथून पुढं अंगठा उठणार नाही. प्रगतिपुस्तकावर आईची सही आणायची. येत नसेल तर शिकवा. घरात अंगठा राहिला तर दोष आईचा नाही, तुमचा." माझी आई तेव्हा दिवसभर दुसऱ्याच्या शेतात खुरपायची. संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत मी तिला 'कोंडाबाई' गिरवायला लावायची. 'ड'पाशी आली की ती वैतागायची. "ह्यो कुठं वाकतोय ते मला कळतच न्हाय बघ." दोन महिने लागले. पहिली सही करून झाल्यावर तिनं पदराला हात पुसले. शाई लागली नव्हती, तरी पुसले.

दुसरी गोष्ट म्हणजे शाळेचं मंत्रिमंडळ. बाकीच्या शाळांत ते जुलैत होतं. गुरुजी बोट दाखवतात, तो मुख्यमंत्री. तुम्ही मात्र दिवाळीनंतरची तारीख धरायचात आणि खरंखुरं मतदान घ्यायचात. दिवाळीनंतर का, असं गावातले विचारायचे. कारण कारखाना दिवाळीनंतर सुरू होतो, बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या तेव्हा येतात आणि त्यांची पोरं होळीपर्यंत आपल्या शाळेत बसतात. कारखान्याच्या तळावर पाचटाच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, उभ्या राहिल्या की तुम्ही सायकलवरून स्वतः जायचात आणि पोरं घेऊन यायचात. ती येण्याआधी निवडणूक घेतली तर ती कुणाला मत देणार, एवढा साधा तुमचा हिशेब. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला फट पाडून मतपेटी केलेली. वर्गाच्या कोपऱ्यात दोरीवर भारताचा कापडी नकाशा आडवा टांगायचा आणि एकेकानं त्या नकाशाआड जाऊन चिठ्ठीवर फुली मारून यायचं. "हितं आड तुमच्याशिवाय कोण न्हाय. गुरुजी न्हाय, बाप न्हाय, पाटील न्हाय," असं तुम्ही दर वर्षी सांगायचात. शिकवताना शुद्ध बोलणारे तुम्ही, नकाशापाशी उभे राहिलात की गावचं बोलायला लागायचात.

आम्ही सातवीत होतो त्या वर्षी मुख्यमंत्रिपदाला दोघं उभे होते. एक प्रशांत, ज्यांच्या शेतात माझी आई खुरपायची त्यांचा मुलगा. आणि दुसरी उषा, कोपीवरची. उषा उभी राहते म्हटल्यावर प्रशांतच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, ती हितली हाय कुठं? होळीला जायची की." आम्ही रोज परिपाठाला हात पुढं करून प्रतिज्ञा म्हणत होतो आणि कोपीवरच्या पोरांशेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. तुम्ही हजेरीपट उघडलात. "उषा, तुझं नाव किती नंबरला?" "एकूणसाठ." "हजेरीत नाव हाय. उभी राहणार. पुढचा प्रश्न?"

उषानं प्रचारात एकच गोष्ट मागितली होती. आजही ते वाक्य मला तिच्या आवाजात ऐकू येतं. "आमी होळीला जातो तवा परीक्षा ऱ्हाती. आमची परीक्षा आमी जायच्या आधी घ्या. म्हंजे निकाल बी मिळंल आन् पुढच्या वर्गात बी बसाय यील." ती माझ्या शेजारी बसायची. तिला गणित माझ्यापेक्षा चांगलं यायचं. मला ती निवडून यायला हवी होती.

मी नकाशाआड गेले. तिच्या नावापुढं फुली मारली. आणि मग थांबले. गुरुजी, मला त्या वयात कागदांची एक गोष्ट पक्की माहीत होती. सही नसलेला कागद परत येतो. आईबरोबर मी रेशनच्या दुकानात गेले होते, तलाठ्याकडे गेले होते. सगळीकडे खिडकीतून कागद परत यायचा, "सही कुठाय?" उषाचं मत परत येऊ नये म्हणून मी फुलीच्या खाली, तुम्ही शिकवली होती तशी, शेपटीसह, ठसठशीत सही केली. सुरेखा लोखंडे. घडी घालून डब्यात टाकली. इतकं छान काम मी त्याआधी कधी केलं नव्हतं असं मला वाटत होतं.

मोजणी सुरू झाली. तुम्ही एकेक चिठ्ठी उघडून नाव वाचत होतात आणि फळ्यावर पाच-पाचच्या रेघा पडत होत्या. एका चिठ्ठीवर तुम्ही थांबलात. बाकीच्या चिठ्ठ्यांवर थांबत होतात त्यापेक्षा थोडं जास्त. मग ती चिठ्ठी वेगळी ठेवलीत.

"हे मत बाद."

"का गुरुजी?" प्रशांतच्या बाकावरून.

"कुणाचं आहे ते ओळखू येईल अशी खूण आहे कागदावर. असा कागद धरता येत नाही."

"कुणाचं हाय? कुणाचं हाय?" सगळा वर्ग उठला. प्रशांत तर टेबलापर्यंत आला. तुम्ही चिठ्ठी मुठीत घेतलीत. "मतदान घेणाऱ्यानं जे बघितलं ते त्याच्याबरोबर जातं. खाली बसा." माझ्याकडे तुम्ही एकदाही पाहिलं नाहीत. मी मात्र बाकाखाली माझी बोटं मोजत होते.

एकतीस आणि एकतीस. मग दोन चिठ्ठ्या टाकून पहिलीतल्या मुलीला एक उचलायला लावली. प्रशांत निघाला. तुम्ही सगळी मतं डब्याच्या झाकणात घालून आमच्यासमोर काडी लावलीत. घरी जाताना उषा हसत होती. "चिठ्ठीला काय कळतंय? पर ते बाद मत आपल्याच कुणातरी येडीचं असंल बग. शिकल्याली येडी." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कोण असंल गं?"

"काय म्हाईत," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सही कुठं करायची आणि कुठं नाही याचा तुम्ही एक अख्खा तास घेतलात. माझ्या वहीपाशी आल्यावर म्हणालात, "सही चांगली झालीय." बस. एवढंच.

प्रशांत वाईट मुख्यमंत्री नव्हता. पाण्याच्या टाकीला दुसरा नळ त्याच्यामुळं बसला. पण परीक्षेचं त्याच्या डोक्यात नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, तो होळीला कुठंच जात नव्हता. होळीआधी उषाची टोळी गेली. तिची सातवीची परीक्षा राहिली ती राहिलीच. पुढच्या वर्षी त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्यावर गेली आणि मला उषा परत दिसली नाही.

यावरून आपण किती वर्षं भांडलो. मी बी. ए. ला राज्यशास्त्र घेतलं तेव्हा तर मला नवा जोर चढला होता. सुट्टीत तुमच्या ओट्यावर बसून काकूंचा चहा पीत मी म्हणायची, "पण गुरुजी, मतदाराचा हेतू स्पष्ट होता. फुली होती. मत बाद करायला नको होतं." प्रत्येक वेळी 'मतदार'. 'मी' कधीच नाही. तुम्हीही कधी हसला नाहीत. "हेतू स्पष्ट होता, म्हणूनच नावही स्पष्ट होतं." मी चिडायची. "म्हणजे नियम माणसापेक्षा मोठा?" एकदा मी तुम्हाला लागेल असं बोलले. म्हणाले, परीक्षा तर तुम्ही स्वतःही आधी घेऊ शकला असतात, त्यासाठी मुख्यमंत्री कशाला लागतो? तुम्ही कपबशी खाली ठेवलीत. "घ्यायला पाहिजे होती. त्या वर्षी सुचलं नाही मला. तिच्यानंतर दर वर्षी घेतली." आणि तुम्ही निवृत्त झाल्यावर तुमच्या मागून आलेल्या शिक्षकांनीही घेतली. आजही आपल्या शाळेत ऊसतोडीच्या पोरांची परीक्षा होळीआधी होते. त्यामागं कोण आहे हे त्या पोरांना माहीत नाही.

आता गुरुवार. संध्याकाळी साडेपाचला तुमचा फोन आला, मी बस स्टॉपवर होते. तुम्ही नेहमीसारखं आधी माझ्या वर्गाबद्दल विचारलंत. सोलापुरात माझ्या वर्गात घरी तेलुगू बोलणारी पोरं आहेत, दखनी बोलणारी आहेत, अक्कलकोटकडची दोघं आपसात कन्नड बोलतात. आमच्या वर्गातही तुमच्यासारखा नकाशा टांगून मी निवडणूक घेते याचं तुम्हाला भारी कौतुक. मग तुम्ही म्हणालात, "सुरेखा, उषा आलीय."

मला आधी कळेना कोण उषा.

"कारखान्याच्या तळावर. नवऱ्याबरोबर कोयता घेऊन आलीय. तिची पोरगी राणी आपल्या शाळेत सातवीला आहे. आणि पुढच्या शनिवारच्या निवडणुकीला उभी आहे."

शेजारून रिक्षा जात होत्या.

"मी गेलो होतो तळावर. मला बघून तिनं तोंड फिरवलं." तुम्ही हे अगदी साध्या आवाजात सांगितलंत. "तू ये शनिवारी. पोरांना बाद मताची गोष्ट सांग. आणि तिला भेट."

"कुणाच्या मताची, गुरुजी?" मी अजूनही तसंच विचारलं. चौतिसाव्या वर्षी.

तुम्ही थोडं हसलात. "माझ्या तोंडाला नियमानं कुलूप आहे, पोरी. तुझ्या नाही. आपलं मत सांगायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवायचं." मग म्हणालात, "त्या वर्षी तुझी आई कुणाच्या शेतात होती, आठवतंय ना?"

आणि तेव्हा मला कळलं. बस स्टॉपवर, पिशवी हातात धरून. प्रशांतच्या विरोधात मत देणाऱ्या पोरीचं नाव त्या दिवशी वर्गात फुटलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते त्याच्या घरी गेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आईला खुरपायला बोलावणं आलं नसतं. मी दर वर्षी मुलांना मतदान गुप्त का असतं ते शिकवते, उत्तरपत्रिकेत त्याला दोन गुण देते. आणि ते गुप्त ठेवून कुणीतरी माझ्या घरची चूल पेटती ठेवली होती, हे मला वीस वर्षं दिसलं नव्हतं. नियम माणसापेक्षा मोठा का, असं मी तुम्हाला विचारत होते!

तेव्हा मी काय म्हणायला हवं होतं, ते आता मला खूप सुचतं. मी म्हणाले, "बघते गुरुजी, चाचणीचे पेपर आहेत तपासायला."

"बघ," म्हणालात. फोन ठेवलात.

पेपर नव्हते, गुरुजी. ते मी बुधवारीच तपासून दिले होते.

सोमवारी दुपारी मी तुमच्या घरी पोचले तेव्हा सगळं उरकून माणसं परतत होती. म्हणजे तुम्हाला मी पाहिलंच नाही. त्यामुळं असेल, पण माझं मन अजून ते धरत नाही. ओट्यावर तुमच्या चपला होत्या. मधल्या खोलीत सतरंजीवर कात्री पडली होती आणि मतपत्रिकांचे कागद. अर्धे कापलेले, अर्धे नाही. कापलेल्यांवर वाऱ्यानं उडू नयेत म्हणून सुपारीचा डबा ठेवलेला. काकू म्हणाल्या, "दर वर्षीसारखं हेच करत बसले होते. चहा ठेवते म्हणून मी आत गेले. बाहेर आले तर कात्री हातात तशीच." त्या सांगत होत्या आणि मी त्या कागदांकडे बघत होते. प्रत्येकावर तुमच्या अक्षरात दोन नावं. मुख्याध्यापिका बाई हळूच म्हणाल्या, निवडणूक पुढं ढकलू या. काकूंनी डोळे पुसले. "कशाला? टोळ्या थांबणारेत व्हय?" आणि माझ्या हातात कात्री दिली. "सुरेखा, एवढे राहिलेत बघ. शनिवारी लागतील."

मी तिथंच बसून ते कापले. तुमच्यासारखे सरळ नाही आले.

काल, शनिवारी, परिपाठानंतर मी सगळ्या शाळेसमोर उभी राहिले आणि बाद मत माझं होतं हे सांगितलं. पोरं हसली, का नाही हसणार! एक जण उठून म्हणाला, "मॅडम, मतावर सही केली? मंग खाली तारीख बी टाकायची की!" तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात. मग मी आई कुणाच्या शेतात खुरपायची ते सांगितलं तेव्हा हसणं थांबलं. मतदान झालं. नकाशा तोच आहे, गुजरातपाशी फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. एकही मत बाद झालं नाही. राणी नऊ मतांनी हरली. तिला फारसं काही वाटलं नाही. मला म्हणाली, "आय म्हणली व्हती, उभी ऱ्हाऊ नको, ह्या शाळत आपल्याला पाडत्यात. पर मला नऊच मतं कमी पडली की!"

'ह्या शाळत आपल्याला पाडत्यात.' ते वाक्य घेऊन मी दुपारी तळावर गेले.

उषा उसाच्या वाढ्यांचा, म्हणजे हिरव्या शेंड्यांचा, भारा डोक्यावर घेऊन येत होती. मी तिला चालीवरून ओळखलं. तिनं मला ओळखलं नाही.

"उषा, मी सुरेखा. लोखंड्यांची."

"आगं बया! मॅडम झालीस की गं! किती गोरी झालीस सावलीत बसून."

ती हसत होती, भारा अजून डोक्यावर होता, आणि ती पुढं काही बोलायच्या आत मी सांगून टाकलं. सातवीतलं ते बाद झालेलं मत माझं होतं. तुला दिलेलं. मी त्यावर सही केली होती.

तिनं भारा खाली टाकला आणि त्याच्यावरच बसली.

"सही केली व्हतीस? मतावर?"

"हो."

"म्हंजे येडी तूच." ती हसली, आणि हसता हसता थांबली. "मंग मास्तरनं..."

"त्यांनी नियमानं बाद केलं. आणि नाव सांगितलं नाही, माझ्या आईचं काम जाऊ नये म्हणून."

उषा म्हणाली, "आन् परीक्षा बुडली तवापासनं मी म्हणत आले, त्यानंच मला पाडलं. कोपीवरची पोरगी मुख्यमंत्री व्हाय नको म्हणून मत बाद केलं. पोरीला बी त्येच सांगितलं. मागल्या आठवड्यात हितं आलता. 'उषा, वळखलंस का' म्हणला. मी भाकरी थापत बसले. बस म्हणून बी म्हणले न्हाय." तिनं पदर तोंडाला लावला. "सांगायचंस की गं. एवढंच तर सांगायचं व्हतं."

गुरुजी, मी समजत होते की त्या सहीमुळं नुकसान झालं ते उषाचं आणि लपवलं ते मी माझ्या लाजेसाठी. त्या मधल्या वर्षांत तिसरं कुणी, म्हणजे तुम्ही, त्याखाली दबला होतात, हे माझ्या मनातही आलं नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं. तुम्ही तिच्या कोपीपुढं उभे राहिलात, तिनं पाठ फिरवली, आणि 'अगं, ते मत सुरेखाचं होतं' एवढं एक वाक्य तुम्ही बोलला नाहीत. घरी येऊन मला फोन केलात. आणि मी पेपर तपासायचे आहेत म्हणाले.

उषा आणि राणी उद्या काकूंना भेटायला येणार आहेत. मीही रजा टाकली आहे. ओट्यावर तुम्ही नसाल, हे तिथं बसल्यावर तरी मला कळेल का, माहीत नाही.

सही कुठं करायची आणि कुठं नाही, तो तास माझ्या लक्षात आहे. इथं करायची असते.

सुरेखा कोंडाबाई दगडू लोखंडे